किशोरवयीन मुलांचं बँक खातं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की आणि दहावीचा निकाल लागला की हे प्रश्न ढिगाने येतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. मुलगी तेरा वर्षांची आहे. तिच्या नावावर आत्ता खातं निघेल का, की अठरा पूर्ण व्हायची वाट बघायची?

आत्ताच निघेल. खरं तर वयाला खालची मर्यादाच नाही. तान्ह्या बाळाच्या नावानेही बचत खातं किंवा मुदत ठेव काढता येते, फक्त व्यवहार पालकाच्या सहीने होतात. दहा वर्षं पूर्ण झाली की दुसरा रस्ता उघडतो: मूल स्वतःच्या सहीने खातं उघडू आणि चालवू शकतं. ही मुभा २०१४ पासून आहे. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात हे सगळे नियम एकत्र आणले आणि बँकांना १ जुलै २०२५ पर्यंत आपापली धोरणं त्यानुसार करायला सांगितलं.

मेख एकच आहे. स्वतंत्र खातं किती रकमेपर्यंत आणि कोणत्या अटींवर द्यायचं, हे प्रत्येक बँक ठरवते. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन शाखांत दोन वेगळी उत्तरं मिळतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

२. मग पालकाच्या सहीचं घ्यावं की मुलाच्या सहीचं?

खरा निर्णय हाच आहे. बँकेचं नाव, कार्डाचा रंग, व्याज हे सगळं नंतरचं. लोक नेमकं उलट करतात: आधी बँक ठरवतात आणि शाखेतला माणूस जो फॉर्म पुढे करेल त्यावर सही करून येतात.

माझं मत असं: साठवायचा पैसा पालकाच्या सहीच्या खात्यात, खर्चायचा पैसा मुलाच्या सहीच्या खात्यात. बारशापासून जमलेली पाकिटं, आजीने दिलेली मोठी रक्कम, कॉलेजसाठीची मुदत ठेव हे पहिल्यात. महिन्याचा खाऊचा पैसा, बसचा पास, वह्या-झेरॉक्स, बक्षिसाचे पाचशे रुपये हे दुसऱ्यात. दोन्ही खाती एकाच बँकेत असली तरी चालतं, उलट सोपं पडतं.

स्टेट बँकेची उदाहरणं घेतली तर 'पहला कदम' हे कोणत्याही वयाच्या मुलाचं पालकासोबतचं खातं आहे. 'पहली उडान' दहा वर्षांवरच्या, एकसारखी सही करता येणाऱ्या मुलाचं स्वतःचं. इतर बँकांची नावं वेगळी असतात, पण फॉर्मवर 'खातं कोण चालवणार' हा रकाना असतोच. तो वाचून भरा.

पालकाच्या सहीचं असलं तरी पैसा मुलाचा असतो, हे विसरू नका. पालक तो मुलाच्या हितासाठीच वापरू शकतो. या महिन्यात घराचा हप्ता ओढाताणीचा आहे म्हणून तिथून उचलणं बसत नाही.

३. सरकारी बँक, खासगी बँक की पोस्ट?

घरापासून किंवा शाळेपासून चालत जाता येईल अशी शाखा असेल, तर ती कोणाची आहे याने फारसा फरक पडत नाही. मूल स्वतः जाऊन पैसे भरू शकलं पाहिजे, स्लिप लिहू शकलं पाहिजे, पासबुक छापून आणू शकलं पाहिजे. हे सगळं ॲपवर होतं हे खरं. पण स्लिपवर अंकात आणि अक्षरात रक्कम लिहिताना मुलाची जी तारांबळ उडते, तिच्यातून ते जे शिकतं ते ॲपवर शिकत नाही.

सरकारी बँकांत अटी कमी आणि रांगा जास्त. खासगी बँकांत ॲप चांगलं, पण मुलांच्या खात्यालाही बऱ्याचदा सरासरी शिल्लक ठेवावी लागते किंवा पालकाचं खातं त्याच बँकेत असावं लागतं. पोस्टात दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने बचत खातं काढता येतं. ५०० रुपयांनी सुरू होतं आणि तेवढी शिल्लक ठेवावी लागते. व्याज ४ टक्के. त्यातली खोच अशी की महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वात कमी शिल्लकेवर ते मोजतात. बाराव्या तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्यात काही मिळत नाही, म्हणून भरणा १० तारखेच्या आत करायची सवय लावा. तालुक्याच्या गावात पोस्ट हा अजूनही चांगला पर्याय आहे. शहरातल्या सोळा वर्षांच्या मुलाला मात्र तो कंटाळवाणा वाटेल.

४. आमच्या गावची पतसंस्था जास्त व्याज देते आणि पिग्मी एजंट रोज दारात येतो. मुलाचे पैसे तिथे ठेवले तर?

मुलाचं पहिलं खातं तिथे काढू नका. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं: एका बँकेत एका ठेवीदाराला, व्याज धरून, ५ लाखांपर्यंत. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून वाढली. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत, कारण त्या बँका नाहीत. त्या राज्याच्या सहकार कायद्याखाली चालतात आणि रिझर्व्ह बँक त्यांच्यावर देखरेख करत नाही. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'सहकारी' दिसतं, म्हणून बऱ्याच जणांचा इथेच घोळ होतो.

सहकारी बँकेतही डोळे उघडे ठेवायला हवेत. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांचे पैसे अडकून पडले होते. विम्याचे पैसे मिळतात, पण तोवर फीची तारीख थांबत नाही.

एक चांगली बाजू अशी: पालक म्हणून मुलाच्या नावे ठेवलेली रक्कम विम्यासाठी तुमच्या स्वतःच्या ठेवीपेक्षा वेगळी धरली जाते.

५. 'झिरो बॅलन्स' म्हणतात, तरी पैसे कापले जातात. कशाचे?

किमान शिल्लकेची अट नसली तरी डेबिट कार्डाची वार्षिक फी, एसएमएसचे पैसे आणि एटीएमचे जास्तीचे व्यवहार असतात. सर्वसाधारण नियम असा: स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट, दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरात तीन आणि इतरत्र पाच. त्यापुढे १ मे २०२५ पासून प्रत्येक व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत अधिक कर. शंभर-शंभर रुपये काढत फिरणाऱ्या मुलाला हा आकडा सांगून ठेवा.

स्टेट बँकेने बचत खात्यांवरची किमान शिल्लकेची अट २०२० मध्येच काढली आणि २०२५ मध्ये कॅनरा बँकेसह आणखी काही सरकारी बँकांनी तेच केलं. यातलं काहीच जवळ नसेल तर 'मूलभूत बचत ठेव खातं' मागा. त्याला किमान शिल्लक नाही, एटीएम कार्डाला पैसे नाहीत आणि महिन्यातून चार वेळा पैसे काढणं मोफत. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

अल्पवयीनाचं खातं कधीही उणे जाता कामा नये, हा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. पासबुकात वजा आकडा दिसला तर शाखेत जाऊन नियमाचं नाव घ्या.

६. व्याज कुठे जास्त?

पाच हजारांच्या शिल्लकेवर अडीच आणि चार टक्क्यांतला फरक वर्षाला पंचाहत्तर रुपये. यासाठी बँक निवडू नका. रक्कम मोठी असेल तर प्रश्न २ पाहा आणि मुदत ठेव करा.

७. कागदपत्रं काय लागतात? काय घेऊन गेलो म्हणजे दुसरी खेप पडणार नाही?

मुलाचं आधार कार्ड, जन्मतारखेचा पुरावा (जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड किंवा दहावी झाली असेल तर गुणपत्रिका), दोघांचे फोटो, पालकाचं आधार आणि पॅन. पालकाच्या सहीचं खातं असेल तर नातं दिसेल असा कागद.

खेप दोन गोष्टींमुळे वाया जाते. पहिली म्हणजे नाव. शाळेच्या कागदांवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांचं नाव कधी पूर्ण तर कधी नुसतं आद्याक्षर. खातं आधारवरच्या नावाने काढा, आणि आधारवरच चूक असेल तर आधी ती दुरुस्त करा. दुसरी म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी करायचं बोटांचं आणि डोळ्यांचं बायोमेट्रिक अद्ययावत करणं. ते राहिलं असेल तर अंगठा जुळत नाही आणि ई-केवायसी (आधारवरून होणारी ओळखीची पडताळणी) तिथेच अडकतं.

आणि सही. मुलाकडून घरी आठवडाभर एकच सही गिरवून घ्या. नववीतल्या मुलाची सही दर महिन्याला नवं वळण घेत असते.

८. मुलाचं पॅन काढावंच लागतं का?

साध्या बचत खात्यासाठी सहसा नाही. पॅन नसल्याचं घोषणापत्र भरून काम होतं. मोठी मुदत ठेव किंवा मुलाची स्वतःची कमाई असेल (प्रश्न १६) तर काढून टाका. अल्पवयीनाच्या पॅनसाठी पालक अर्ज करतो आणि कार्डावर मुलाचा फोटो किंवा सही नसते. अठरा झाल्यावर ते नवं करून घ्यावं लागतं.

९. एटीएम कार्ड द्यावं का?

लगेच नको. पहिले काही महिने पासबुक आणि स्लिप, मग कार्ड. अल्पवयीनाला कार्ड, चेकबुक, नेट बँकिंग द्यायचं की नाही हे बँक ठरवते. दिलं तरी दिवसाची मर्यादा कमी असते. 'पहली उडान'च्या कार्डावर ती ५,००० रुपये आहे. ॲपमधून ती आणखी खाली आणता येत असेल तर आणा. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंद ठेवून फक्त एटीएम आणि दुकानातलं मशीन सुरू ठेवा. गेमच्या आत होणारी खरेदी ऑनलाइन व्यवहारातच मोडते, आणि पालकांची पत्रं येतात ती बहुतेक त्याबद्दलच.

१०. वडापावच्या गाडीवरही क्यूआर आहे. मुलगा म्हणतो मला यूपीआय हवं. काय करू?

त्याचं म्हणणं रास्त आहे. आज पंधरा वर्षांच्या मुलाला रोकड घेऊन फिरायला सांगणं बरेचदा व्यवहार्य नाही. अल्पवयीनाच्या खात्यावर यूपीआय द्यायचं की नाही हे पुन्हा बँकेवर, म्हणून खातं उघडण्याआधीच विचारा.

नाहीच मिळालं तर 'यूपीआय सर्कल' आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या या सोयीत पैसे तुमच्या खात्यातून जातात, पण क्यूआर मुलगा स्वतःच्या फोनवरून स्कॅन करतो. दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक वेळी तुमच्या फोनवर विनंती येते आणि तुम्ही पिन टाकल्यावरच पैसे जातात. दुसऱ्यात महिन्याची मर्यादा आधीच ठरवून देता, जास्तीत जास्त १५,००० रुपये आणि एका व्यवहाराला ५,०००. पहिला प्रकार कागदावर सुरक्षित, पण तुम्ही मीटिंगमध्ये आणि मुलगा रिक्षावाल्यासमोर उभा, हे रोज होतं. त्यापेक्षा दुसरा घ्या आणि मर्यादा हजार रुपये ठेवा.

तुमचा स्वतःचा पिन मात्र सांगू नका. 'घरातलंच तर आहे' म्हणून सांगितलेला पिन वर्गात पोचायला वेळ लागत नाही.

११. मी सोळा वर्षांची आहे. आई-बाबांना माझं स्टेटमेंट दिसतं का? त्यांना न सांगता खातं काढता येईल?

नियमाने तुला तुझ्या सहीचं खातं काढता येतं (प्रश्न १). प्रत्यक्षात बहुतेक शाखा पालकांची संमती किंवा त्यांची कागदपत्रं मागतात, त्यामुळे गुपचूप होईल असं धरून चालू नकोस. स्टेटमेंटचं म्हणशील तर खात्याला कोणाचा मोबाइल नंबर जोडलाय त्यावर आहे. नंबर बाबांचा असेल तर तू दहा रुपयांचं पेन घेतलंस तरी त्यांचा फोन वाजणार. तुझा स्वतःचा नंबर असेल तर तो देता येईल का, हे शाखेत विचार.

आणि हेच वाचणाऱ्या पालकांसाठी: महिन्यातून एकदा पासबुक एकत्र बघा. प्रत्येक एसएमएसवर चौकशी केलीत तर मूल रोकडीकडे वळेल, आणि मग तुम्हाला काहीच दिसणार नाही.

१२. शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण खात्यात आलीच नाही. खातं तर आधारला जोडलंय.

'जोडलंय' याचे दोन अर्थ आहेत आणि घोळ तिथेच होतो. बँकेने केवायसीसाठी आधार घेणं वेगळं आणि सरकारी पैसे याच खात्यात यावेत म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या यादीत ते नोंदवणं वेगळं. दुसऱ्याला 'सीडिंग' म्हणतात. महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) किंवा राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे सीडिंग असलेल्या खात्यातच जातात, अर्जात दुसरा खाते क्रमांक लिहिला असला तरी.

एका आधारला एका वेळी एकच बँक, आणि शेवटची नोंद खरी. शाळेने आठवीत जिल्हा बँकेत खातं काढून दिलं, मग तुम्ही दहावीत दुसरीकडे काढलं आणि फॉर्मवर सीडिंगच्या रकान्यात खूण केली, तर पैसे आता तिकडे जाणार. माय-आधार पोर्टलवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, तिथे बँकेचं नाव दिसतं. सीडिंग मुलाच्या आधारचं हवं, आईच्या नव्हे.

आठवीतल्या एनएमएमएस (आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती) परीक्षेतून निवड झालेल्यांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षं एकच खातं सांभाळणं तिथे सोयीचं. शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं शून्य शिल्लकेचं खातं दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून 'निष्क्रिय' करायचं नाही, असा नियम १ एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही बंद पडलंच असेल तर ते पुन्हा सुरू करायला बँक पैसे घेऊ शकत नाही.

१३. बँकेत म्हणाले, वडिलांची सही आणा. मी आई आहे, माझी चालत नाही का?

चालते. अल्पवयीनाच्या ठेव खात्यात आईला पालक म्हणून घ्यावं, हे रिझर्व्ह बँकेने १९७६ मध्येच सांगितलं आणि २०२५ च्या परिपत्रकात ते कायम आहे. १९५६ चा हिंदू अल्पवयीनत्व व पालकत्व कायदा 'वडील आणि त्यांच्यानंतर आई' असं म्हणतो, त्यावरून शाखेत वाद घालतात. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या 'नंतर'चा अर्थ 'वडिलांच्या मृत्यूनंतरच' असा घ्यायचा नाही, हे स्पष्ट केलं. गंमत म्हणजे त्या खटल्यात समोर रिझर्व्ह बँकच होती: मुलाच्या नावे रोखे घेताना आईची सही चालणार नाही म्हणून अर्ज परत आला होता.

घटस्फोट झाला असेल आणि खातं वडिलांच्या सहीने चालत असेल, तर ताब्याचा आदेश देऊन पालक बदलून मागा. मूल दहाच्या वर असेल तर त्याच्या स्वतःच्या सहीचं नवं खातं काढणं कितीतरी कमी कटकटीचं.

१४. नात आमच्याकडेच राहते. आजोबा म्हणून मी पालक होऊ शकतो का?

नैसर्गिक पालक फक्त आई-वडील. आजोबा, मामा, काका यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाचा आदेश लागतो. तुम्ही खात्यात पैसे कितीही भरू शकता, सही करू शकत नाही. नात दहाच्या वर असेल तर मार्ग प्रश्न १३ च्या शेवटी आहे.

१५. मुलाच्या ठेवीवरच्या व्याजाला कर लागतो का? त्याचं तर उत्पन्नच नाही.

लागतो, पण तुम्हाला. अल्पवयीन मुलाचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवतात. वेगळे राहत असतील तर जो मुलाला सांभाळतो त्याच्या. जुन्या करप्रणालीत दर मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांची सूट आहे, नव्या प्रणालीत तीही नाही. कर वाचवायला मुलाच्या नावे ठेव करा, असा सल्ला देणारे अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका. ठराविक प्रमाणाचं अपंगत्व असलेल्या मुलाचं उत्पन्न मात्र पालकात मिळवत नाहीत.

१६. मुलगी तबला वाजवते, कार्यक्रमांचं मानधन मिळतं. तेही माझ्या उत्पन्नात?

नाही. स्वतःच्या मेहनतीने, कौशल्याने किंवा कलेने मिळवलेलं मुलाचंच राहतं. करपात्र असेल तर तिच्या पॅनवर विवरणपत्र तुम्ही भरायचं. पण तेच मानधन मुदत ठेवीत टाकलंत तर त्यावरचं व्याज पुन्हा प्रश्न १५ मध्ये जातं.

१७. मित्राचा मित्र म्हणतो, तुझं खातं आठवडाभर दे, पाच हजार देतो. यात चूक काय?

फसवणुकीचे पैसे फिरवायला असलीच खाती लागतात, त्यांना 'म्यूल' खातं म्हणतात. पैसे कोणाचे, हे तुला कळणार नाही. पण नाव, आधार आणि फोटो तुझे असतील. पोलीस आधी तुझ्या दारात येतील आणि खातं गोठेल, त्यातली शिष्यवृत्तीही. कार्ड, सिम किंवा ओटीपी दिला असशील तर आजच घरी सांग, बँकेत कळव आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर. ओळख नसलेल्याने 'चुकून' पाठवलेले पैसे स्वतः परत पाठवू नकोस, तेही बँकेमार्फतच.

१८. मुलगा मागच्या महिन्यात अठराचा झाला आणि खातं अडकलं. आम्ही तर काहीच केलं नाही.

काहीच केलं नाही म्हणूनच अडकलं. अठरा पूर्ण होताच पालकाचा सहीचा अधिकार संपतो. बँकेला मुलाची नवी नमुना सही, खातं कसं चालवायचं याच्या सूचना आणि पालकाने चालवलेलं खातं असेल तर शिल्लक मान्य असल्याची खातरजमा लागते. पॅन, आधार, फोटो घेऊन मुलाने स्वतः जायचं. शक्यतो वाढदिवसाच्या आधी चौकशी करून ठेवा, कारण तोच काळ बारावीचा, सीईटीचा आणि प्रवेशाच्या फीचा असतो. त्या खात्यातून एसआयपी (म्युच्युअल फंडातला ठराविक हप्ता) जात असेल तर म्युच्युअल फंडाकडेही वेगळा अर्ज द्यावा लागतो.

याच खेपेत नामनिर्देशन नव्याने करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात.

१९. आमच्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. अठरानंतरही मीच सही करू शकते का?

आपोआप नाही, आणि शाखेतही हे बरेचदा कोणी आधी सांगत नाही. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. हे प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत, त्यामुळे न्यायालयात जायची गरज नाही. अपंगत्वाचा दाखला, मुलाचा वयाचा पुरावा आणि आई-वडील दोघांचे कागद तयार ठेवा. समितीची बैठक रोज होत नसते, म्हणून अठरावं लागताच विचारपूस सुरू करा.